वरच्या उताराची माती

“मामा, लाकडं पाठवलीत की काठ्या?”

आरागिरणीच्या मालकाचा फोन आला तेव्हा मामा दाढी करत होते. एका गालावरचा साबण तसाच राहिला. गिरणीवाला मुळातच थट्टेखोर, म्हणून मामांनी आधी हसण्यावारी नेलं. पण पलीकडून हसण्याचा आवाज येईना. वरच्या उतारावरून आलेले ओंडके मोठ्या करवतीला लावायच्या लायकीचेच नाहीत, असं तो सांगत होता. याच उताराच्या पहिल्या तोडीला असे ओंडके आले होते की एकेकाला कवेत घ्यायला दोन माणसं लागायची. आता तितकीच वर्षं वाढलेली झाडं, आणि जाडी माणसाच्या मांडीएवढी.

“मधे पाऊस कमी झाला होता ना,” मामा म्हणाले.

“पाऊस माझ्या अंगणातही तोच पडतो,” एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

मामा आरशासमोर तसेच उभे राहिले. तसे ते सख्खे मामा एकाच मुलीचे, पण डोंगरावर सगळेच त्यांना मामा म्हणायचे. रोपवाटिकेतल्या बायका, ट्रकवाले, रखवालदार, इतकंच काय, मुख्य कार्यालयातल्या मॅडमसुद्धा. पाइनच्या त्या अफाट लागवडीचे ते व्यवस्थापक. कोवळ्या वयात रोपं लावायला म्हणून आले आणि इथेच मुरले. त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती, ती म्हणजे स्वच्छता. झाडं तोडून झाली की फांद्या, साल, सुईसारख्या पानांचा पाचोळा, खुंट, सगळं बुलडोझरने ढकलून ढीग करायचे आणि पेटवून द्यायचे. मग जमीन अशी लख्ख व्हायची की वरून चेंडू सोडला तर थेट नाल्यात जाऊन पडावा. दुसऱ्या लागवडींवरचे लोक मुद्दाम बघायला यायचे. मामांच्या उतारावर काडी सापडायची नाही.

ओंडके बारीक येऊ लागले तेव्हा कार्यालयाने एका प्रयोगशाळेला माती तपासायला सांगितलं, आणि प्रयोगशाळेने नेमकी भाचीला पाठवली. शाळेच्या सुट्ट्या तिने मामाकडेच काढलेल्या. आता ती माती तपासायचं काम करायची, गांडुळं मोजायची, आणि सोबतचे लोक तिला गांडूळबाई म्हणून चिडवायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट फोन उचलून ती स्वतःच म्हणायची, “बोला, गांडूळबाई बोलतेय.”

आठवडाभरात मामींच्या घराची दशा झाली. खिडकीच्या कट्ट्यावर माती, पलंगाखाली माती, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्यावर माती.

“अगं, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हीच माती बाहेर झाडतेय,” मामी म्हणाल्या, “आणि तू पिशव्या भरभरून आत आणतेस!”

“मामी, ही साधी माती नाही.”

“मग काय, केशर आहे?”

मामा हसले. पण भाची हसली नाही. ती एका बशीतल्या मातीवर पाण्याचे थेंब सोडत होती आणि वाकून बघत बसली होती. मामांनी विचारलं, काय दिसतंय. ती म्हणाली, “अजून सांगत नाही. एक मोठा पाऊस पडू दे.”

पाऊस पडला. सकाळी सुरू झाला तो दिवे लागले तरी थांबला नाही. पन्हाळी भरून वाहत होत्या, नाल्याचा आवाज घरात ऐकू येत होता. मामा खूश. वरचा उतार नुकताच साफ करून, जाळून तयार होता. आता ओल मिळाली की रोपं लावायची. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी पैलवानाला बोलावलं. पैलवान म्हणजे बुलडोझर चालवणारा. अंगाने काडीपैलवान, म्हणून हे नाव.

“आज खालचा उतार घे,” मामा म्हणाले. “तोडीच्या फांद्या पडल्यात तिथे सगळ्या. ताटासारखा लख्ख करून टाक.”

“झालाच म्हणून समजा, मामा.”

मग भाची म्हणाली, “मामा, माझ्याबरोबर वर चला. फावडं घ्या.”

दोघं चढून वर गेले. उतार काळाभोर दिसत होता, भिजलेला, उन्हात चकाकणारा. मामांच्या बुटांना चिखल लागला. त्यांना बरं वाटलं.

“खणा,” भाची म्हणाली.

“काय खणू? ओल बघायचीये? बूट बघ माझे.”

“खणा ना, मामा.”

त्यांनी फावडं मारलं आणि माती उलटवली. वरचा बोटभर थर ओला होता. त्याखाली राखाडी, भुसभुशीत, कोरडी ठणठणीत माती. फावड्यावरून ती पिठासारखी घसरली आणि वाऱ्याने थोडी उडालीसुद्धा. धूळ! दिवसभर कोसळलेल्या पावसानंतर धूळ!

मामांना आधी वाटलं, इथे काहीतरी पुरलं असेल, वरून ताडपत्री असेल. ते चार पावलं सरकले आणि पुन्हा खणलं. तेच. मग ते खाली उतरत गेले, उजवीकडे, डावीकडे, खुंटाच्या खड्ड्याशी, वाटेच्या कडेला. धाप लागली तरी थांबेनात. सगळीकडे वर ओलं फडकं पसरावं तसा चिखल आणि खाली धूळ. शेवटी त्यांनी मूठभर माती हातात घेतली आणि भाचीने बाटलीतून तिच्यावर पाणी ओतलं. पाणी मोत्यासारखे गोळे होऊन तळहातावरून टपाटप खाली पडलं. हात उघडला तर माती जशीच्या तशी कोरडी.

“हे काय आहे?” मामांनी विचारलं.

“ही माती पाणी पीत नाही, मामा. सुयांमध्ये राळ असते, मेणासारखं काहीतरी असतं. ढीग पेटवले की त्याची वाफ मातीत उतरते आणि कणाकणावर लेप बसतो. पाचोळा कुजू दिला असता तर हा लेप खाऊन टाकणारे जीव मातीत राहिले असते, पण वरचा थरच आपण खरवडून ढिगात घातला. कालचा सगळा पाऊस नाल्यात गेला. तुम्ही आवाज ऐकलात ना?”

आवाज ऐकला होता. त्या आवाजावर त्यांना गाढ झोप लागली होती.

मामा एकदम तडकले. “अगं, काहीतरी बोलू नकोस! माती पाणी पीत नाही म्हणे. मग ही झाडं काय हवेवर वाढली?” ते तरातरा शेजारच्या पट्ट्यात शिरले. तिथली झाडं काही वर्षांपूर्वी लावलेली, मामांच्या डोक्याच्या वर गेलेली. सुया जरा पिवळट होत्या खऱ्या, पण रांगा कशा सुतात होत्या. “हे बघ! हे उभं आहे ना? हे काय कागदाचं आहे?” म्हणत त्यांनी एका झाडाच्या बुंध्यावर जोरात हात मारला आणि वैतागून त्यावर अंगाचा भार टाकला.

झाड कललं.

मामांना कळेना काय होतंय. बुंधा हाताखालून निसटत होता, पायाजवळची जमीन झाकणासारखी वर उचलली जात होती. दुसऱ्या क्षणी झाड आडवं आणि त्यावर मामा आडवे. भाची धावली. त्यांना खरचटलंही नव्हतं, पण ते उठेनात. तिथेच बसून मुळांकडे बघत राहिले.

मुळं खाली गेलीच नव्हती. सगळी आडवी, चपटी, एकमेकांत गुंतलेली, जमिनीवर पसरलेल्या चटईसारखी. खाली बोटाने टोकलं तर जमीन फरशीसारखी टणक. वर्षानुवर्षं तोडीची जड यंत्रं तिच्यावरून फिरली होती. मुळांनी खाली जायचा प्रयत्न केला असेल, डोकं आपटलं असेल आणि आडवी वळली असतील. झाड तेवढ्यावरच तोल सांभाळून उभं होतं, कोणी हात लावत नव्हतं म्हणून.

मामा उठले, दुसऱ्या झाडाजवळ गेले. हळूच ढकललं. तेही डगमगलं. त्यांनी हात काढून घेतला, जणू चटका बसला. तिसऱ्याला हात लावायची हिंमत झाली नाही. त्या पट्ट्यात हजारो झाडं होती आणि मामा त्यांच्यामधे अंग चोरून उभे होते. धक्का लागला तर सगळा डोंगर अंगावर येईल, असं त्यांना वाटत होतं.

“वादळ आलं तर?” ते पुटपुटले.

भाची नाल्याकडे वळली. ती म्हणाली, “आता नाल्यापलीकडे चला.”

नाल्यापलीकडे एक कोपरा होता. उतार इतका तीव्र की तिथे यंत्र जाईना, म्हणून पहिल्या लागवडीची मूठभर झाडं तशीच राहिली होती. मामांना तो कोपरा बघवत नसे. पडलेल्या फांद्या, कुजके ओंडके, गुडघाभर पाचोळा, वर कसलीकसली झुडपं. ते त्याला उकिरडा म्हणायचे आणि पाहुणे आले की दुसऱ्या वाटेने न्यायचे.

आज ते तिथे शिरले आणि त्यांनी वर पाहिलं. शेंडे दिसेनात. भाचीने पाचोळा बाजूला केला आणि म्हणाली, “फावडं राहू द्या. हात घाला.”

मामांनी हात घातला. मनगटापर्यंत सहज गेला. आत गार होतं, ओलं होतं, मऊ होतं. मूठ भरून वर काढली तर त्यातून पाणी ठिबकलं. आणि वास! कित्येक वर्षांत त्यांच्या नाकाला हा वास आला नव्हता. वरच्या उताराच्या मातीला वासच नव्हता, हे त्यांच्या आता लक्षात आलं. मुठीतल्या मातीत पांढरे धागे होते, केसाहून बारीक, सगळीकडे पसरलेले. एक गांडूळ अंग आक्रसत बोटांमधून निघून गेलं. टाचणीच्या टोकाएवढे किडे इकडून तिकडे पळत होते.

“ही बुरशी आहे,” भाची धागे दाखवत म्हणाली. “ही मुळांना चिकटून राहते. मुळं जिथे पोचत नाहीत तिथलं पाणी, तिथलं अन्न ही आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. हिच्याशिवाय पाइन जगतो, पण उपाशी जगतो. वरच्या उतारावर मी आठवडाभर शोधली. नावालासुद्धा नाही.”

“पण पहिली तोड तर जोरदार आली होती.”

“इथे आधी जे जंगल होतं, त्याने साठवलेलं होतं मातीत. पहिल्या झाडांनी ते खाल्लं. दुसऱ्यांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं.”

“आणि आता?”

“आता काय लावणार आहात, मामा? आणि कशात?”

मामांनी मुठीतली माती खाली सोडली. “मग मी इतकी वर्षं काय केलं?” ते म्हणाले. प्रश्न भाचीला नव्हता. ती मात्र रडवेली झाली. लहानपणी याच माणसाने तिला झाडांची नावं शिकवली होती, बोट धरून डोंगर चढवला होता, आणि आज तिनेच त्यांना इथे आणून बसवलं होतं.

तेवढ्यात खालून घरघर ऐकू आली.

मामांनी मान वर केली. पैलवान! खालचा उतार! सकाळी आपणच सांगितलेलं! ते उठले आणि त्या वयाला न शोभेल अशा वेगाने नाला उडी मारून पार करत खाली धावत सुटले. भाची मागून ओरडत होती, “मामा, सावकाश!” पण कोण ऐकतंय! खाली बुलडोझरचं पातं जमिनीत रुतून पुढे सरकत होतं, फांद्यांबरोबर काळ्या मातीची लाट ढकलत. मामांनी हात हलवले, आरोळ्या ठोकल्या. पैलवानाच्या कानावर आवाज अडवायची टोपणं होती. त्याला काही ऐकू जाईना. शेवटी मामा सरळ पात्यासमोर जाऊन उभे राहिले.

यंत्र धक्के खात थांबलं, तेव्हा पातं त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर होतं. पैलवान उडी मारून खाली आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मामा! मरायचंय का तुम्हाला? माझ्या हातून?”

“बंद कर. बंद कर हे.”

“तुम्हीच तर म्हणालात, ताटासारखं कर!”

“मीच म्हणालो,” मामा म्हणाले, आणि पात्यापुढच्या मातीच्या ढिगाऱ्यावर मटकन बसले.  पैलवानाने आपल्या डब्यातलं पाणी त्यांना पाजलं. निम्मं पाणी मामांच्या शर्टावर सांडलं.

दुपारी मामांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मामा, रोपं ट्रकमधे चढलीत. वरचा उतार तयार आहे, तिथे लागवड होणारच. खालच्याचं म्हणाल तर तुमच्या शब्दाखातर तसाच ठेवू. पण फांद्यांच्या पसाऱ्यात रोपं लावून ती मेली, तर उत्तर तुम्ही द्यायचं.”

“वरच्या मातीत पाणी मुरत नाही हो, मॅडम. मी हाताने बघितलंय.”

“बघू या,” मॅडम म्हणाल्या. या दोन शब्दांचा अर्थ मामांना नीट माहीत होता.

लागवड झाली. वर लख्ख उतारावर, खाली फांद्यांच्या मधे जागा शोधून. खालच्या प्रत्येक खड्ड्यात मामांनी आणि भाचीने नाल्यापलीकडची ओंजळभर माती टाकली. रोपवाटिकेतल्या बायकांना गंमत वाटली. “मामा, प्रसाद वाटताय का?” त्या विचारायच्या. मामा त्यांच्याकडे बघून मान हलवायचे आणि पुढच्या खड्ड्याशी वाकायचे.

पहिल्या वर्षी मामांची फजिती झाली. खाली गवत आणि झुडपं माजली, रोपं शोधावी लागायची. वरची रोपं मात्र सुरेख रांगेत, चांगली वीतभर उंच. मॅडम पाहणीला आल्या, दोन्ही उतार पाहिले, आणि गाडीत बसल्या. महिन्याभराने मामांना सन्मानाने निवृत्त करण्यात आलं. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांच्या स्वच्छतेचं तोंडभरून कौतुक झालं. मामा मान खाली घालून ऐकत होते. मामी पुटपुटल्या, “आता पुरे करा म्हणावं.”

डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी लहानसं घर घेतलं. मामा डोंगराकडे पाठ करून बसायचे. भाचीचा फोन आला की विचारायचे, “वरचं काय?” खालचं विचारायचे नाहीत.

मग दोन-तीन वर्षांनी एका उन्हाळ्यात ऊन असं तापलं की लोक दारं-खिडक्या लावून घरात बसले. पाऊस लांबला. अशाच एका सकाळी नवा व्यवस्थापक दारात आला. तरुण, अदबशीर मुलगा, पण त्या दिवशी बूट न काढताच आत आला.

“मामा, वर येता का? आत्ता?”

“काय झालं?”

त्याने नुसता डोंगराकडे हात केला. मामी म्हणाल्या, “अहो, जाऊन या.” त्यांनी टोपी आणून मामांच्या हातात दिली.

खालच्या उतारापाशी गाडी थांबली. झुडपांमधून पाइनचे शेंडे वर आले होते, हिरवेगार. मामा एका रोपाशी वाकले, कुजत आलेली फांदी उचलली, खाली बोटं घातली. ओलसर होतं. फार नाही, पण होतं. व्यवस्थापक म्हणाला, “इथलं ठीक आहे. वर चला.”

वर पोचल्यावर मामा जागीच थबकले. सबंध उतार तांबडा पडला होता. रांगाच्या रांगा, सुतात, एकही रोप न वाकता, एकही रांग न मोडता, उभ्या उभ्या वाळलेली. इतकी नीट की कोणी रंग मारलाय असं वाटावं. वाऱ्याने सुया झडत होत्या आणि त्यांचा बारीक सरसर आवाज येत होता. बाकी काही नाही. एक पाखरू नाही.

आपलं खरं ठरलं तर आपल्याला बरं वाटेल, असं मामांना कधीतरी, रात्री झोप येत नसताना, वाटून गेलं होतं. आता ते जवळच्या रोपाशी गेले, दोन बोटांनी शेंडा धरला, आणि तो हातात तुटून आला.  ही रोपंही त्यांच्याच हाताखाली लागली होती. त्यांच्या शेवटच्या वर्षी, त्यांच्या डोळ्यांसमोर, ही माती पाणी पीत नाही हे ठाऊक असताना.

“आठवड्यात झालं,” व्यवस्थापक म्हणाला. “मागच्या सोमवारी पिवळी होती, मी म्हटलं, येतील सावरून. मामा, मला काही सुचत नाही. कार्यालयातून निरोप आलाय, सगळं उपटा, जाळा आणि नवीन लावा.”

“भाचीला विचारलंस?”

“विचारलं. त्या म्हणाल्या, ही जमीन पुन्हा नीट व्हायला माणसाचं एक आयुष्य पुरणार नाही. मी म्हटलं, निदान सुरुवात कुठून करायची ते सांगा. तर म्हणाल्या, मामांना विचार.”

मामांनी टोपी काढली. कपाळावरचा घाम पुसला. 

“जाळू नकोस.”

“म्हणजे मेलेली झाडं अशीच उभी ठेवायची? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. उभी आहेत तोवर सावली देतील. पडली की पडू दे, आडवी पडली तर पाणी अडेल. खालून फांद्या आण, नाल्यापलीकडून माती आण, मधे मधे टाक. यंत्र वर चढवू नकोस. पाठीवर आणायचं.”

“एवढा मोठा उतार, मामा! पाठीवर?”

 मामा तांबड्या रांगांकडे बघत होते. मग खाली बसले, आणि व्यवस्थापकही त्यांच्या शेजारी त्या राखाडी मातीवर बसला.